अकरा बायांचा एक चष्मा

मित्रांनो, मी एक जुना चष्मा आहे. माझी एक दांडी काडीची आणि दुसरी दोऱ्याची आहे. भातकुलीकडच्या एका गावात नेत्रशिबिर झालं, वाटपात मी एकटा उरलो, म्हणून शाळेतल्या प्रौढ साक्षरता वर्गाला मिळालो. वर्गात अकरा बाया, सगळ्या पन्नाशीपुढच्या. त्यांना अक्षरं येत नाहीत, असं कागदावर होतं. दिसत नाहीत, असं माझं मत.

जिच्या नाकावर मी, तिने ओळ वाचायची, असा नियम होता.

"केशर, दोन ओळी झाल्या वं तुह्या," मनकर्णाबाई म्हणायच्या. "काढ आता. नवरीवानी मिरवून राहिली."

"थांब ना वं माय. एवढा एक शब्द."

केशरबाईंना घाई होती. लेक जमुना बाळापूरला दिलेली. ती फोनवर बोलली की सासू कान लावायची, म्हणून जमुना फोनवरच मेसेज लिहून पाठवायची. ते शेजारीण वाचून दाखवी आणि संध्याकाळपर्यंत गावाला पाठ होई. शेवटी जमुनाने लिहिलं, "आई, तू स्वतः वाचशील तेव्हाच लिहीन." हेही शेजारणीनेच वाचलं.

केशरबाईंनी मुलाला दुसरा चष्मा मागितला. "या वयात कलेक्टर होतं का?" तो म्हणाला.

परीक्षेला मात्र सगळ्यांनी एकाच वेळी वाचायचं होतं. मी पहिल्या नाकावरून दुसऱ्या नाकाकडे निघालो, तर ती कॉपी ठरली. मला टेबलावर ठेवलं. अकरा जणी हात लांब करकरून कागद बघत बसल्या. कोरे पेपर नंतर वर्ग घेणाऱ्या सहदेव सरांनी सुवाच्य अक्षरात भरले. गाव शंभर टक्के साक्षर झालं, वर्ग बंद झाला आणि मी कपाटात गेलो.

प्रमाणपत्र धरलेला केशरबाईंचा फोटो सरांनी जमुनालाही पाठवला. पोरीने विश्वास ठेवला. दुसऱ्याच दिवशी तिचा लांबलचक मजकूर आला.

मी कपाटातून ऐकत होतो.

"सर, तेवढा चष्मा द्या ना. लेकीनं लिवलं हाय."

"सामान जमा झालं, बाई. वरून परवानगी लागते. अन् तुमी आता साक्षर हाय, चष्मा कायले पायजे?" सरांनी फोनसाठी हात पुढे केला. "आणा, मी वाचून देतो."

"नाई," केशरबाई म्हणाल्या. "ते मलेच लिवलं हाय."

आज पाचवा दिवस. सर परवानगीच्या बैठकीला गेले आहेत, किल्लीसकट.

मित्रांनो, चष्मा मऊ कापडाने पुसावा, असं मी शेवटी सांगणार होतो. ते राहू द्या. कोणी तरी हे कुलूप तोडा. केशरबाई शाळेच्या पायरीवर बसून आहेत, न वाचता लेकीशी काय बोलणार म्हणून उचलत नाहीत, आणि त्यांचा फोन सकाळपासून तिसऱ्यांदा वाजून गप्प झाला आहे.