अकरा किलोमीटर

परबांची नवी गाडी लालबागच्या चाळीत येऊन तीन महिने झाले होते आणि ती एकूण अकरा किलोमीटर चालली होती. ते अकराच्या अकरा शोरूम ते चाळ.

गाडी काही साधीसुधी नव्हती हं. सात सीटा, उघडणारं छप्पर, चहूबाजूंनी कॅमेरे. जाहिरातीत तीच गाडी नदीतून पाणी उडवत जायची, डोंगर चढायची आणि शेवटी एक हसरं कुटुंब कड्यावर उभं राहून सूर्यास्त बघायचं. असं हसरं कुटुंब व्हायला बहुतेक अख्खा देश रांगेत उभा होता, कारण परबांचा नंबर लागेपर्यंत सात महिने गेले. गाडी मिळाली त्या दिवशी शोरूमवाल्यांनी लाल कापड ओढून काढलं, पुठ्ठ्याची हातभर किल्ली पप्पांच्या हातात दिली आणि पप्पांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"आपल्या लग्नात नव्हतं आलं," आई म्हणाली.

आकांक्षाने तोही फोटो काढला. ती नुकतीच दहावीत गेली होती. गॅदरिंगला सूत्रसंचालन केल्यापासून तिला वाटायला लागलं होतं की जगात आपल्याला जमणार नाही अशी गोष्ट फक्त भूमिती. 'पप्पा, आपण हीच गाडी घ्यायची' असं घरात पहिल्यांदा म्हणालीही तीच होती आणि त्याला कारण होतं.

कारण म्हणजे आजोबा. राजाराम परब, बेस्टचे निवृत्त ड्रायव्हर. पस्तीस वर्षं त्यांनी मुंबईभर बस फिरवली आणि आता डावा गुडघा त्यांना जिनाही सुखाने उतरू देत नव्हता. एसटीची पायरी चढवत नाही, रेल्वेच्या गर्दीत उभं राहवत नाही, म्हणून सहा वर्षं ते गणपतीला कुडाळजवळच्या आपल्या गावी गेले नव्हते. गावच्या घरात गणपतीच्या डोक्यावर माटवी टांगतात, म्हणजे लाकडी चौकट आणि तिला बांधलेले नारळ, सुपाऱ्या, कवंडळाची रानफळं, आंब्याच्या डहाळ्या. ती माटवी बांधायचा मान थोरल्या भावाचा. सहा वर्षं धाकटे दौलत आजोबा ती बांधत होते आणि दर वर्षी फोनवर फोटो पाठवत होते. दर वर्षी आजोबा फोटो मोठा करून बघायचे आणि म्हणायचे, "गाठी बघ गो. शाळेतल्या पोरान बुटाची लेस बांधल्यासारी."

"या वर्षी तुम्हीच बांधणार," आकांक्षा म्हणाली होती. "आपल्या गाडीतून जायचं. माझा शब्द."

आजोबांनी त्याच दिवशी पिशवी भरायला घेतली. गणपतीला तेव्हा पाच महिने होते आणि गाडी अजून यायची होती.

आता, लालबागमध्ये गाडी घेणं सोपं, लावणं कठीण. दोन नंबर चाळीच्या भिंतीला लागून एक गंजलेली स्कूटर वर्षानुवर्षं पडली होती. ती कुणाची हे कुणालाच माहीत नव्हतं. एक दिवस भंगारवाल्याने ती उचलली आणि पप्पांनी दहा मिनिटांच्या आत तिथे मोडकी प्लॅस्टिकची खुर्ची आणून ठेवली. मग रंगाचा डबा, मग दोन विटा. गाडी यायला अजून पंधरा दिवस होते, म्हणून खुर्चीत छत्री देऊन आजोबांना बसवलं. लोक येता-जाता विचारायचे, "काय आजोबा, कुणाची वाट बघताय?" आजोबा म्हणायचे, "गाडीची." त्यांना वाटायचं म्हाताऱ्याला अजून बसची सवय आहे.

त्या जागेवर आणखी एकाचा डोळा होता. पहिल्या मजल्यावरचे कोंडीराम काका. त्यांची छोटी लाल गाडी पार पुलापलीकडे लावलेली असायची आणि गाडीपर्यंत पोचायला त्यांना रिक्षा करावी लागेल असं आई म्हणायची. लालबागला रिक्षा येत नाही, म्हणून बिचारे चालत जायचे. रोज सकाळी ते परबांच्या गाडीपाशी थांबायचे.

"काय जगदीश, आज कुठे दौरा?"

"छे, आज नाही," पप्पा म्हणायचे.

"नाही, निघालास तर सांग हां. मी बघतो जागेकडे."

या 'बघतो'नेच सगळा घात केला. गाडी हलली की कोंडीराम काका घुसणार, हे पप्पांच्या डोक्यात असं बसलं की गाडी हलेचना. शिवाजी पार्कला चक्कर मारायची ठरली, तर सगळे नटूनथटून खाली उतरले, गाडीला बाहेरून हात लावला आणि टॅक्सीने गेले. मावशीकडे माहीमला गेले तेव्हा बसने गेले, पण पप्पांनी किल्ली हातात धरली होती, ती मावशीच्या टीपॉयवर सगळ्यांना दिसेल अशी ठेवली.

आणि खरं सांगायचं तर गाडी उभी राहिल्याने कुणाचाच तोटा नव्हता. दहा बाय बाराच्या घरात चार माणसं, त्यात ही एक जादा एसी खोली मिळाली. आकांक्षा मधल्या सीटवर बसून इतिहास पाठ करायची. आई बॉनेटवर जुनी साडी अंथरून पापड वाळवायची. रविवारी पप्पा पुढे बसून पेपर वाचायचे आणि भूक लागली की उघडणारं छप्पर उघडायचे. आई दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून दोरीने डबा सोडायची, तो बरोब्बर गिअरपाशी उतरायचा. पाहुणे आले की घर दाखवायच्या आधी गाडी दाखवायची.

"लोकांना गाडी मिळते, जागा मिळत नाही," पप्पा अभिमानाने म्हणायचे. "आपल्याला जागा मिळाली."

"आणि तिला चार चाकं फुकट," आई म्हणायची.

शोरूममधून पहिल्या सर्व्हिसिंगसाठी फोन आला. "सर, किती किलोमीटर झाले?"

"अकरा."

"अकरा हजार?"

"नुसते अकरा."

पलीकडच्या माणसाने गाडीचा नंबर पुन्हा विचारून घेतला. मग म्हणाला, "गाडीत काही प्रॉब्लेम आहे का सर?"

आजोबा हे सगळं गॅलरीतून बघत होते. एकदा त्यांनी आकांक्षाला जवळ बोलावलं. "चेडवा, चलता ती गाडी. एका जाग्यार बसता, तेका बाकडां म्हणतत. तुझ्या बापाशीन बाकडां घेतल्यान."

"आजोबा, गणपतीला जाणार म्हणजे जाणार. माझा शब्द आहे ना?"

"शब्द आसा. पन किल्ली त्येच्याकडे आसा."

आणि मग मंडपाचे दिवस आले. चाळीच्या गणपती मंडळाने फळ्यावर लिहिलं, 'रविवारपर्यंत सर्वांनी आपापली वाहने हलवावीत.' सगळ्यांनी हलवली. पप्पांनी तीन वेळा फळा वाचला आणि मंडळाच्या सेक्रेटरीला, अभयदादाला, गाठलं.

"अभय, आपली गाडी अगदी भिंतीला चिकटून आहे रे. तुमचा मंडप तिच्या बाजूने जाईल ना?"

"जाईल की," अभयदादा म्हणाला. त्याचा एक कान फोनला होता.

"मग मी नाही हलवत."

"तुमची मर्जी काका."

सोमवारी सकाळी आकांक्षा शाळेला निघाली, तेव्हा मंडप खरंच गाडीच्या बाजूने गेला होता. समोरच्या बाजूने, मागच्या बाजूने आणि उजव्या बाजूनेही. डाव्या बाजूला भिंत होतीच. बांबूंच्या पिंजऱ्यात परबांची गाडी नवीन आणलेल्या वाघासारखी उभी होती आणि तिचा दरवाजा चार बोटंसुद्धा उघडत नव्हता. पप्पा गाडीकडे बघत होते. आश्चर्य म्हणजे त्यांच्या चेहऱ्यावर दुःख कमी आणि समाधान जास्त दिसत होतं.

"आता कुणाच्या बापाला जागा मिळत नाही," ते म्हणाले.

"पप्पा! आपण गुरुवारी पहाटे गावाला निघतोय!"

पप्पांचा चेहरा हळूहळू बदलला. मग ते घसा साफ करून म्हणाले, "विसर्जनानंतर जाऊ ना. नवरात्रात. गर्दी पण नसते."

"नवरात्रात गणपती असतो?"

दोघं वर घरात आले आणि पप्पांनी पेपर उघडला.

आजोबा गॅलरीतून सगळं ऐकत होते. ते आत गेले आणि त्यांनी पिशवीतून नवीन धोतर काढून परत कपाटात ठेवलं. मग माटवीसाठी आणलेली सुतळी काढली, तिची घडी केली आणि तीही ठेवली. आकांक्षाला वाटलं, त्यांनी रागवावं, मालवणीत चार शिव्या घालाव्यात. पण त्यांनी फक्त आईला विचारलं, "प्रिती, चाय आसा काय गो?"

एवढंच. आकांक्षाने दप्तर फेकलं आणि ती जिना उतरली.

अभयदादा मंडळाच्या ऑफिसात बसून रोषणाईवाल्याशी भांडत होता.

"दादा, आमच्या गाडीपुढचे बांबू काढ."

"अगं, एक बांबू काढला की तीन हलतात. तरी काढले असते. पण मग तिथे भोक पडणार, त्या भोकात काय घालू? आम्हाला तर तिथे चप्पल स्टँड पाहिजे होता. तुझ्या पप्पांना मी आधीच दोनदा म्हटलं होतं, जागा द्या. म्हणाले, प्राण जाये पर जागा न जाये."

"आणि जागा दिली तर?"

"तर आत्ता काढतो. दहा मिनिटांचं काम. पण विसर्जनानंतर ती जागा तुमचीच राहील असं मी काही लिहून देणार नाही."

"मी बघेन ना तेव्हा," मागून आवाज आला. कोंडीराम काका वर्गणीची पावती घ्यायला आले होते.

आता खरी अडचण कळली. पप्पांना विचारलं तर ते मरेपर्यंत नाही म्हणणार. आजोबांना विचारलं तर ते म्हणणार, ऱ्हवांदे गो. आकांक्षाने इकडेतिकडे पाहिलं. टेबलावर मंडळाचा माइक होता. साऊंडवाला नुकताच 'हॅलो, हॅलो, चेक' करून चहाला गेला होता आणि माइकवर हिरवा दिवा लागलेला होता.

गॅदरिंगला तीनशे लोकांसमोर तिचा आवाज एकदासुद्धा कापला नव्हता.

"नमस्कार!" दोन्ही चाळींच्या आठ भोंग्यांतून आकांक्षा बोलली. "सर्व रहिवाशांसाठी एक आनंदाची बातमी. दोन नंबर चाळीतले आपले सर्वांचे लाडके श्रीयुत जगदीश राजाराम परब यांनी आपली गाडीची जागा, जी त्यांनी जिवापाड जपली, ती यंदा बाप्पाच्या चरणी अर्पण केलेली आहे! भाविकांच्या चपलांची सोय व्हावी, एवढीच त्यांची इच्छा. मंडळ त्यांचं शतशः ऋणी आहे. बोला, गणपती बाप्पा..."

"मोरया!" दोन्ही चाळी ओरडल्या. अभयदादाही सवयीने ओरडला आणि मग त्याने डोक्याला हात लावला.

पप्पा गॅलरीत आले ते पेपरसकट. चारी मजल्यांवरून लोक टाळ्या वाजवत होते. समोरच्या काकू म्हणाल्या, "भाऊजी, एवढं मोठं मन!" कुणीतरी फोटो काढला.  देवाला दिलेली गोष्ट, तीसुद्धा भोंग्यावरून. ती परत मागणारा माणूस अजून लालबागमध्ये जन्माला यायचाय. ते खाली आले तेव्हा अभयदादाने शाल आणि नारळ तयारच ठेवला होता. मंडळाच्या कपाटात तो माल कायम असतो.

"पोरगी कुणाची आहे ही?" शाल अंगावर घेत पप्पा दातओठ खाऊन म्हणाले.

"ते नंतर बघू," आई म्हणाली. "आधी हसा, फोटो काढतायत."

बांबू निघाले, पण गाडी काढणार कोण? मध्ये जेमतेम गाडीएवढी वाट. चहूबाजूंचे कॅमेरे एकदम टी-टी-टी करून बोंबलू लागले आणि पप्पांनी स्टिअरिंग सोडून एसीचं बटण दाबलं. तीन महिन्यांत त्यांनी फक्त एसी चालवला होता.

"उतर," आजोबा म्हणाले. ते कधी जिना उतरले हे कुणीच बघितलं नव्हतं. नवीन धोतर नेसलेलं होतं. "ह्येका क्लच नाय मां? मगे माझो डावो गुडघो सुट्टीवर."

त्यांनी सीट पुढे घेतली, आरसा हलवला, कॅमेऱ्याचा पडदा रुमालाने झाकला. "ह्यो बघून बस चालवलंय असतंय, तर भायखळ्याक पोचलंय नसतंय." आणि ती भलीमोठी गाडी बांबूंमधून लोण्यातून सुरी काढावी तशी बाहेर काढली. शिट्ट्या पडल्या. गाडीने बारावा किलोमीटर सुरू केला.

तीन रात्री गाडी पुलापलीकडे राहिली. गुरुवारी गाव गाठेपर्यंत पप्पा बारा वेळा म्हणाले, "परत आल्यावर लावायची कुठे?" दौलत आजोबांनी अंगणात फणसाखाली बोट दाखवलं, "लाय खंय व्हयी थंय." म्हणजे हवी तिथे लाव. पप्पा खाली उतरून बराच वेळ त्या अंगणाकडे बघत राहिले. तिथे दहा गाड्या मावल्या असत्या. त्यांनी सवयीने एक वीट शोधायला सुरुवात केली होती.

माटवी आजोबांनी बांधली. स्टुलावर बसून, एकट्याने, कुणाला सुतळीलाही हात लावू न देता. बांधून झाल्यावर ते दौलत आजोबांना म्हणाले, "ओढून बघ." दौलत आजोबांनी ओढली. गाठ हलली नाही.

परत येताना परब कुटुंब एसटीने आलं. गाडी फणसाखाली राहिली आणि तिच्याकडे बघायला आजोबाही राहिले, दिवाळीपर्यंत. निदान तसं ते म्हणाले. दर बुधवारी ते गाडीत शेजाऱ्यांना भरून कुडाळच्या बाजाराला जातात आणि परत आले की फोनवर आकडा सांगतात. परवा तो बाराशे झाला.

चाळीतल्या जागेवर आता कोंडीराम काकांची लाल गाडी आहे. रविवारी ते तिच्यात बसून पेपर वाचतात. ऑफिसला बसने जातात.

काल आजोबांनी व्हिडिओ कॉल केला आणि सगळ्यांना ऐकवायला म्हणून हॉर्न दाबला. खणखणीत, ओळखीचा. पप्पा जेवत होते. हातातला घास तसाच टाकून ते गॅलरीत धावले आणि खाली वाकून ओरडले, "ए, कोण आहे रे तिकडे? ती जागा धरलेली आहे!"