मागच्या दारातली गोधडी

मित्रांनो, माझी ओळख मागाहून. आधी तक्रार ऐका. दीपक मला लाथ मारतो. रोज सकाळी, एरंडोलच्या भर चौकात, टपरीवरची सगळी रिकामटेकडी माणसं बघत असताना. माझा सरकता दरवाजा नीट लागला नाही की हा पठ्ठ्या हात लावत नाही, बूट लावतो. वर म्हणतो, "डबडं साली!" मग टपरीवर हशा पिकतो. मला जीभ असती तर मी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता. फक्त त्याच्या बापाला वगळलं असतं. का, ते सांगते.

मी एक जुनी व्हॅन आहे. कधी काळी पांढरी होते. कारखान्यातून निघाले तेव्हा माझ्यात तोंड बघून भांग पाडावा अशी होते. माझा पहिला मालक जळगावचा डॉक्टर. चप्पल बाहेर काढून माझ्यात बसायचा. सीटवरचं प्लास्टिक पिवळं पडलं तरी त्याने काढलं नाही. लोक म्हणायचे, काय माया आहे गाडीवर! माया कसली? दारात नवी मोटार आली त्या दिवशी मला गटारीशेजारी नेऊन उभी केली आणि माझ्या टपावर कोंबड्या बसायला लागल्या. मोठ्या लोकांची माया अशीच असते, मित्रांनो. ती वस्तूवर नसते, वस्तूच्या चकाकीवर असते.

तिथून मला दीपकच्या बापाने, अभिमनभाऊंनी, एरंडोलला आणलं. कशाला? तर त्यांच्या बायकोचं खापर न्यायला.

प्रमिलाबाई मांडे करते. मांडे म्हणजे आपल्या खानदेशातल्या खापरावरच्या पुरणपोळ्या. पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर झुलवत झुलवत कोपरापर्यंत पसरायचा आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर अलगद टाकायचा. जामनेरपासून दोंडाईच्यापर्यंत लग्नघरांत तिला बोलावणी येतात. हात तिचे आहेतच, पण अर्धं काम त्या खापराचं. काळंभोर, गुळगुळीत, तिच्या सासूच्या वेळचं. इतक्या वर्षांच्या आचेने आणि तुपाने ते असं मुरलं होतं की मांडा त्याला चिकटत नसे. ते खापर जुन्या लुगड्यांच्या गोधडीत गुंडाळायचं, मागे स्टेपनीच्या टायरमध्ये बसवायचं आणि मग कुणी त्याला बोट लावायचं नाही. गावात मी शिरले की पोरं ओरडायची, "मांडेवाली गाडी उनी!" मी मुद्दाम हळू चालायचे. मान मिळत असेल तर घाई कशाला करायची?

आणि माझी खडखड? ती तेव्हाही होती. अंगात लोखंड आहे, ते बोलणारच. पण अभिमनभाऊंची रीत वेगळी होती. ते आपल्या लेकीला, हेमांगीला, चालवायला बसवायचे आणि स्वतः मागे उकिडवे बसायचे. खडखड सुरू झाली की एकेका वस्तूवर तळवा दाबून धरायचे. जॅकवर, सीटच्या पायावर, दाराच्या कडीवर. ज्या वस्तूवर हात ठेवल्यावर आवाज थांबेल तिला म्हणायचे, "घावली का नई?" मग सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा कापून तिथे बसवायचे. मला गुदगुल्या व्हायच्या. दीपक तेव्हा ओट्यावर बसून फोन बघायचा. आजही बघतो. फक्त फोन मोठा झाला आहे.

अभिमनभाऊ गेले आणि मी दीपकच्या हाती आले. हेमांगीला चालवता येतं, पण हा म्हणाला, "पोरीच्या हातात गाडी बघून लोक हसतील." लोक कुणाला हसतात ते आम्ही रोज चौकात बघतोच.

मग माझे हाल सुरू झाले. मागच्या दाराची कडी झिजली, ते दार खडखडायला लागलं. इंजिनाखालचं रबर बसलं. उभी राहिले की मला हुडहुडी भरायची, आणि दीपकने रेसवरून पाय काढला की मी बंद पडायचे. यावर त्याने इलाज काय केला? खडखड ऐकू येऊ नये म्हणून मोठा स्पीकर बसवला. बंद पडू नये म्हणून स्क्रू पिळून रेस वाढवून ठेवली. तरी मी अधूनमधून बंद पडायचेच. मी दारात नुसती उभी असले तरी पिसाळल्यासारखी गुरगुरायचे. पेट्रोल घटाघटा प्यायचे. आणि नाव कुणाचं खराब? माझं. "लई खादाड शे ही," म्हणायचा. स्वतः दोन ताटं जेवून उठलेला असायचा.

आता त्या दिवसाचं सांगते.

दोंडाईच्याला प्रेमराजभाऊंच्या नातीचं लग्न होतं. प्रमिलाबाईसाठी हे लग्न इभ्रतीचं होतं. कारण त्याच गावात लताबाई राहते. ती प्रमिलाबाईच्या चुलीशी बसून मांडे शिकली आणि मग गावभर सांगत सुटली की प्रमिलाबाईचा हात आता थकला, मांडे फाटतात. प्रेमराजभाऊंनी तरी प्रमिलाबाईलाच बोलावलं. "आज त्या बठ्ठ्यासना तोंडावर मांडा टाकसू," असं बोलणाऱ्या सगळ्यांना उद्देशून प्रमिलाबाई निघताना म्हणाली. हेमांगी आदल्या दिवशीच पुढे गेली होती, गहू भिजवायला आणि पुरण शिजवायला.

वाटेत माझं मागचं दार इतकं खडखडलं की स्पीकरही हरला. धुळ्यात प्रमिलाबाई म्हणाली, "दीपक, खाजाभाईले दखाड. मी तवलोंग गूळ लई येस."

खाजा मिस्त्री माझ्या ओळखीचा. तोंडाने तिखट, हाताला बरा. मला बघून तो ओरडला, "दीपकभाऊ, गाडी आणली की बँडवाले?"

"आवाज बंद कर फक्त. घाई आहे."

खाजाने पुढची सीट उचलली. तिच्याखालच्या इंजिनाच्या एका रबरी नळीला भेग होती, तिथून मी हवा ओढत होते. त्याने भेगेवर बोट ठेवलं आणि माझी हुडहुडी थांबली. किती दिवसांनी मी शांत उभी राहिले म्हणून सांगू! त्याने बोट काढलं, मी परत थरथरायला लागले. मग मागे जाऊन त्याने कडी हलवली. "नळी बदलतो, कडी बदलतो, खालचं रबरही गेलंय. दुपारपर्यंत ठेव."

"दुपारपर्यंत? अरे लग्न आहे! तू आवाज बंद कर, बाकी राहू दे."

"आवाज बंद करायचाय? मग कानात कापूस घाल ना बाबा, गॅरेजला कशाला आला?" खाजाने हात पुसले. "तुझा बाप असता तर इथेच मांडी घालून बसला असता."

बापाचं नाव निघालं की दीपकच्या नाकाला मिरची झोंबते. त्याने मला तरातरा बाहेर काढलं आणि कोपऱ्यावर थांबवलं. मागचं दार उघडलं. इकडे तिकडे बघितलं. आणि मित्रांनो, त्याने खापरावरची गोधडी ओढली. तिची घडी केली, दाराच्या फटीत कोंबली आणि वरून दार आपटलं. एकदा बूटही हाणला, सवयीने.

खडखड थांबली. उघडं खापर टायरवर तसंच राहिलं.

प्रमिलाबाई गूळ घेऊन आली, पुढे बसली. थोडं अंतर गेल्यावर तिने मान वळवून कानोसा घेतला. "आवाज गया?"

"गेला. मीच केलं. खाजाची गरजच नाही पडली."

त्या बाईचा चेहरा असा उजळला की माझ्या काचेत दिसला. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला. "शेवट बापनाच पोऱ्या निघना रे तू."

आणि तो हसला. शाबासकी खिशात घातली आणि स्पीकर मोठा केला. मी काय करणार होते? मला बोलायला एक खडखड तेवढी होती. तिच्याच तोंडात त्याने बोळा घातला होता.

दोंडाईच्याच्या अलीकडे रेल्वेचं फाटक लागलं. मी उभी राहिले आणि माझं अंग कापायला लागलं. मागे खापर टायरवर इंच इंच सरकत होतं. दीपक रेस देत होता, फोनवर कुणाला तरी "आलोच" म्हणत होता. फाटक उघडलं, गिअर टाकायला त्याने रेसवरचा पाय काढला, मी बंद पडले. मागून हॉर्नचा गोंधळ. त्याने घाईघाईने मला सुरू केलं आणि क्लच असा सोडला की मी बैलासारखी उसळले. खापर उडालं आणि जॅकवर पडलं. स्पीकरवर नाचाचं गाणं चालू होतं. कुणाला काही ऐकू गेलं नाही. मला गेलं. माझ्या पोटातच फुटलं ते.

लग्नघरी चूल पेटलेली होती. बायका गोल करून बसल्या होत्या. प्रमिलाबाईने पदर खोचला, बाह्या वर केल्या आणि मागचं दार उघडलं. आधी गोधडी तिच्या पायावर पडली, काळ्या ग्रीसने माखलेली. मग तिने आत बघितलं.

खापराचे तुकडे पडले होते. तिने एक तुकडा उचलला, परत ठेवला. दीपक मागून आला आणि एका दमात बोलला, "तरी मी म्हणत होतो, ही गाडीच भिकार आहे! उद्या चुडामण भंगारवाल्याला देऊन टाकतो."

प्रेमराजभाऊंनी कुठून तरी नवं खापर आणवलं. नव्या खापराला वळण नसतं. पहिला मांडा चिकटला. दुसरा ओढताना फाटला, पुरण चुलीत सांडलं आणि जळक्या गुळाचा वास मांडवभर गेला. तिसऱ्याला एक बाई पदराआड हसली. मग दोघी हसल्या. कुणी म्हणालं, "लताबाई खरंच सांगे." नवरदेवाकडची माणसं पाटावर बसलेली. शेवटी लताबाईला बोलावणं गेलं. ती तयारच होती, खापर डोक्यावर घेऊन आली.

"अक्का, तुम्ही गोळे करा," लताबाई गोड आवाजात म्हणाली. "बसल्या बसल्या होईल तुमच्याने."

आणि प्रमिलाबाईने गोळे केले. जिच्या चुलीशी लताबाई शिकली, ती खाली मान घालून तिच्यासाठी गोळे करत बसली. हेमांगी शेजारी बसून रडत होती. तिला ती म्हणाली, "डोळा पूस, पीठ वल्लं व्हई."

दीपक कुठे होता म्हणता? पहिल्या पंगतीत. लताबाईचा मांडा, वर आमरस, वर तूप. बोटं चाटून म्हणाला, "चांगले झालेत हं!" ते त्याच्या आईने ऐकलं. मी मांडवाबाहेर उभी होते, मीही ऐकलं.

मित्रांनो, माझं सांगणं थोडक्यात आहे. गाडी असो, दार असो की घरातलं म्हातारं माणूस, ते कुरकुरायला लागलं की त्याच्याजवळ बसा. हात ठेवून बघा, कुठे दुखतंय. आवाजावर रागावू नका. आवाज गेला म्हणजे दुखणं गेलं, असं तर मुळीच समजू नका. मी जुनी आहे, पण एवढं मला कळतं.

प्रमिलाबाई मात्र इतकं गोड बोलत नाही. लग्न लागलं, पाहुणे पांगले, तशी ती माझ्याकडे आली. खापराचे तुकडे तिने त्याच मळक्या गोधडीत बांधले होते. दीपक पुढे बसून किल्ली फिरवत होता. तिने खिडकीतून हात घालून किल्ली काढून घेतली आणि हेमांगीच्या हातात दिली. लताबाई अजून मांडवातच होती, चार बायका उभ्या होत्या, तरी तिने आवाज खाली केला नाही.

"उतर खाली. गाडी भंगारमा जाणार नई. ती खाजाभाईकडे जाई, आनि हेमांगी चालाडी. तू एस.टी.मा ये, नई ते येऊच नको. तुना बाप आवाज आयके, हात लावीसन दखे. तू तोंड दाबस. उद्या मी खाटलावर पडसू, रातले कण्हसू, तवय मना तोंडमाबी तू गोधडीच कोंबशी. आनि गावले सांगशी, आवाज गया, मीच करं."