पाटीवरची तिरकी अक्षरं

सकाळी दहाला पेणच्या गणपती कारखान्यात रोह्याच्या नव्या दुकानाची पाटी आली. दिपिकाने आखलेली ही पहिलीच पाटी. बाबांनी नाकारली, तर दुकानावर कारखान्यातली जुनीच लागणार होती. इंग्रजी नावाची अक्षरं जाडजूड, उजवीकडे कललेली, टोकांना नाजूक पाय फुटलेली.

बाबांनी मूर्तीसमोर धरतात तसा पाटीसमोर ओळंबा धरला.

"सगळी पडायला आलीत गो."

"पडत नायत, चालतायत. लांबून नजरेत भरतात. पत्ता साधाच ठेवलाय."

"मूर्ती अशी कलली तर गिऱ्हाईक घेईल काय?"

"तुमचा उंदीर नाय कललेला, मोदकाकडं?"

कारागीर हसले. बाबा हसले नाहीत.

दुपारी टेम्पो रोह्याला निघाला, तेव्हा त्यात दोन्ही पाट्या होत्या. कुठली लावायची, ते बाबांनी अजून सांगितलेलं नव्हतं.