तळातली आमटी

मी आमटी वाढायची पळी. पितळेची, लांब दांड्याची, आतून कल्हई उडालेली. नवीन पनवेलमधल्या एका स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेली असते. देवपूजेतल्या पळीसारखं तीर्थ माझ्या नशिबी आलं नाही, याचं पूर्वी फार वाईट वाटायचं. आता वाटत नाही. का, ते सांगते.

पनवेलच्या तांबटाने मला घडवलं आणि मी थेट ओवे गावापलीकडच्या 'एकचूल' वसाहतीत गेले. नाना जातींची माणसं तिथे माझं-तुझं सोडून राहायला आली होती. शेत एक, विहीर एक, चूल एक. पंगतीत प्रत्येकाला ढवळून एकच पळी. मुलंसुद्धा सगळ्यांची. कुणाला कुणी जन्म दिला हे मुलांना कधी सांगायचं नाही, अशी बायकांनी पेटत्या चुलीसमोर शपथ घेतली होती. हेतू चांगलाच होता हो, एकही लेकरू पोरकं राहू नये. पण चांगल्या नेमालाही कधीकधी काटा असतो.

त्याच मुलांत रेवा. सतत काहीतरी विचारणारी. पुढे मुंबईला इतिहास शिकली, प्राध्यापक झाली. मोडलेली गावं, विसरलेली घराणी तिने हुडकून काढली. मानाच्या शाली मिळाल्या. मध्यंतरी एकचूलही मोडली, तरुणांना आपापली चूल हवी होती. भांडी वाटली तेव्हा रेवाने मला तेवढं मागून घेतलं.

निवृत्तीनंतर ती एकचुलीचा इतिहास लिहायला बसली. विहीर कुणी खणली, कोण का सोडून गेलं, सगळं सापडलं. एकच सापडेना, आपली आई कोण? त्या बायकांपैकी आता शांतीआईच उरली होती. उरणच्या कोळीवाड्यातून आलेली, ओव्यात भाच्याकडे राहणारी. एकादशीचा उपास सोडायला रेवाने तिला द्वादशीला घरी जेवायला आणलं. मोबाईल रेकॉर्डिंगला लावून ताटाशेजारी ठेवला.

शांतीआईने पातेल्यात डोकावलं. "मोठी मास्तरीन झालीस, पन आमटी पानचटच!"

"तू शिकवलीस कुठे? नुसती वाढायचीस," रेवा हसली. मग हळूच म्हणाली, "आई, आता तरी सांग गं. मला कुणी जन्म दिला?"

"समद्यांनी."

"ते पुस्तकात ठीक आहे. मला एकदा तरी कुणाला 'माझी आई' म्हणायचंय."

"शबूद दिलाय बाय, चुलीसमोर."

"चूल कधीच विझली."

"चूल विझली. शबूद नाय विझला. आन ती पळी. मी वाढते."

तिची बोटं माझ्या दांड्यावर मिटली आणि मला जुना हात ओळखू आला. वाढणाऱ्या बायका पाळीपाळीने बदलायच्या. पण हा एकच हात रेवाच्या ताटाशी आला, की मला पातेल्याच्या तळापर्यंत नेई. आजही नेलं. रेवाच्या वाटीत दाट डाळ पडली. स्वतःच्या वाटीत शांतीआईने वरचं पाणी घेतलं.

रेवा दोन्ही वाट्यांकडे बघत राहिली. "तुझ्या पाळीला माझी आमटी नेहमी दाटच असायची," ती पुटपुटली. "मला वाटायचं, सगळ्यांचीच असते."

"जेव. निवतंय."

रेवाने हात लांबवून मोबाईल बंद केला. जन्मभर विचारत आलेल्या त्या पोरीने पुढे काही विचारलं नाही. डोळे गळत होते आणि ती जेवत होती.

पावसाळा सरायच्या आत शांतीआई गेली. सगळं भाच्याने केलं. रेवा शेजारणींच्या मागे उभी होती. "तुमच्या कोण लागत होत्या?" कुणीतरी विचारलं. "आम्ही एकचुलीच्या," एवढंच ती बोलली. घरी आली, मला खिळ्यावरून काढलं आणि उराशी धरून खूप रडली.

पुस्तक छापून आलं. त्यात रेवाच्या आईचं नाव नाही. व्रत शांतीआईने घेतलं होतं, ते लेकीने पाळलं.

पितृपक्षात रेवा एक पान वाढते. मला अगदी तळाला बुडवते आणि ती दाट आमटी त्या पानावर घालते. स्वतःला वरचं पाणी. तेव्हा मला देव्हाऱ्यातल्या पळीचा हेवा वाटत नाही.

बायांनो, माझा दांडा आता हलतोय. अजून किती दिवस, देव जाणे. एवढं मात्र ऐका. जिच्यापाशी मनातलं बोलता येत नाही तिच्या ताटाशी आलात, की पळी जरा खोल जाऊ द्या. तिला कळतं. उशिरा का होईना, कळतं.