काइन्ताचा शिपाई

निवृत्त झाल्यावर हरीश देवस्थळीला इतिहासाचं वेड लागलं. वेड लागलेल्या माणसाच्या हाती काम आलं की घरच्यांची धडगत नसते, आणि हरीशच्या हाती थेट मुलाचं लग्नच आलं.

सुश्रुतने ठरवलेली मुलगी मारिसेल. जन्म-शिक्षण इंग्लंडातल्या मिल्टन कीन्सचं, आईवडील फिलिपिन्सचे. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. वडील अर्सेनिओ तिथल्याच एका शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. मुलगी सगळ्यांना आवडली. घोडं अडलं ते कन्यादानापाशी. देवस्थळी राहत त्या लंडनच्या हॅरो भागातल्या मराठी घरांत एक पायंडा पडून गेला होता. सून बाहेरची असली, की एखादं मराठी जोडपं तिला लग्नापुरतं दत्तक घेतं, आपलं गोत्र देतं आणि कन्यादान करतं. तिचे खरे आईवडील पहिल्या रांगेत बसून फोटो काढतात. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, म्हणून तो मोडायचंही कुणाला सुचत नव्हतं. शेजारच्या गिरीशने तर सोवळं धुऊनसुद्धा ठेवलं होतं.

हरीशच्या बायकोला, नीनाला, हे मुळीच मान्य नव्हतं. तिच्या स्वतःच्या लग्नात वडील नव्हते, म्हणून काकांनी कन्यादान केलं आणि विधवा आई कार्यालयाच्या मागच्या दाराशी अक्षता घेऊन उभी राहिली. नीनाला ती दिसलीसुद्धा नव्हती. तो सल अजून गेला नव्हता. अर्सेनिओंनी आपली मुलगी आपल्या हाताने द्यावी, बाकी लग्नात काय वाट्टेल ते होवो, एवढंच तिचं म्हणणं होतं.

"मला मान्य आहे गं," हरीश म्हणाला. "पण स्टेजवर गुरुजी गोत्र विचारणार. तेव्हा काय सांगायचं? इट वुड बी सो ऑकवर्ड."

मग एक दिवस तो लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरात आला, चेहऱ्यावर घबाड सापडल्याचा आनंद.

"नीना, मारिसेल आपलीच आहे."

१७६२ साली इंग्रजांनी मनिला स्पॅनिश लोकांकडून जिंकून घेतलं, ही गोष्ट खुद्द इंग्लंडातही फारशी कुणाला ठाऊक नसते. त्या फौजेत मद्रासहून नेलेले हिंदी शिपाई होते. इंग्रजांनी पुढे मनिला सोडलं, पण काही शिपाई परत बोटीत चढलेच नाहीत. ते मनिलाजवळच्या काइन्ता गावात राहिले, तिथल्या बायकांशी त्यांनी लग्नं केली, आणि त्यांचे वंशज आजही तिथे सापडतात. इथवर सगळं खरं होतं. अर्सेनिओंचं गावही काइन्ताच होतं. पण हरीश इथवर थांबणाऱ्यांतला नव्हता. मद्रासच्या फौजेत तंजावरचे मराठेही असणारच, असं त्याने ठरवलं. आठवडाभरात त्यातला एक मराठा अर्सेनिओंचा पूर्वज झाला आणि त्याचं नाव शिवराम पडलं. मराठा पूर्वज निघाला म्हणजे गोत्राचा प्रश्न सुटला, आता कन्यादान अर्सेनिओच करतील, असा हरीशचा हिशेब होता. बादरायण संबंध म्हणतात तो याहून फार वेगळा नसावा.

रविवारी अर्सेनिओ जेवायला आले, तेव्हा हरीशने श्रीखंडाच्या वाट्या बाजूला सारून टेबलावर नकाशा पसरला. अर्सेनिओंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "इंटरेस्टिंग," एवढंच म्हणाले, आणि ताटं उचलून नीनाच्या मागोमाग आत आले.

"आमचं घर काइन्तात आहे, पण आम्ही तिथले नाही," ते हळू आवाजात इंग्रजीत म्हणाले. "माझे आजोबा खूप दूर, इलोइलोच्या किनाऱ्यावर मासे धरायचे. वडील पोट भरायला मनिलाकडे आले. त्या शिपायांशी आमचा काही संबंध नाही. शिवाय ते शहर लुटायला आलेल्या फौजेबरोबर आले होते. तुमच्याकडे तो मान समजतात का, मला माहीत नाही."

"मग हरीशला सांगा ना तसं."

"सांगितलं, तर मारिसेलचा हात तुमचे ते शेजारी देणार?"

नीना नुसती ताटं विसळत राहिली.

"मग राहू दे. शिपाई माझाच," अर्सेनिओ म्हणाले, आणि फडकं घेऊन ताटं पुसू लागले.

नीनाने ही गोष्ट कुणाला सांगितली नाही. तिला हवं होतं ते होत होतं. यात कुणाचं काही वाईट होत नाही, अशी तिने स्वतःची समजूत घातली, आणि पुढचे दोन महिने ती हॉल, केटरर आणि साड्या यांत बुडून गेली.

लग्नाच्या दिवशी हरीशने माइक हातात घेतला आणि शिवरामाची सगळी कथा पाहुण्यांना ऐकवली. टाळ्या पडल्या. गिरीशसुद्धा म्हणाला, "म्हणजे घरचीच मुलगी की." अननसाच्या धाग्याचा झुळझुळीत सदरा घालून पाटावर बसलेल्या अर्सेनिओंशी लोक वाकून वाकून हात मिळवून गेले. ते मान खाली घालून हसत होते.

अनुप गुरुजी एरवी ब्रॅकनेलच्या एका कंपनीत कॉम्प्युटरवर काम करायचे आणि वीकेंडला लग्नं लावायचे. त्यांनी संकल्प थांबवून इंग्रजीत विचारलं, "मुलीच्या पणजोबांचं, आजोबांचं आणि वडिलांचं नाव सांगा."

"पणजोबांच्या जागी शिवराम," मागून हरीश कुजबुजला.

म्हणजे अर्सेनिओंच्या आजोबांच्या जागी. अर्सेनिओंनी तोंड उघडलं. "शिव..." एवढं म्हणाले आणि थांबले. पुन्हा प्रयत्न केला, पण शब्द येईना. त्यांनी नीनाकडे पाहिलं. मास्तरांसमोर गृहपाठ न केलेला मुलगा उभा राहावा तसे ते दिसत होते, आणि नीनाला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"गुरुजी, ते नाव खोटं आहे," ती म्हणाली. "यांचा त्या शिपायाशी काही संबंध नाही. त्यांना त्यांची खरी नावं सांगू द्या."

"नीना, अगं..." हरीशच्या हातात माइक तसाच चालू होता.

"बरं," गुरुजी म्हणाले. "आणि गोत्र?"

"माहीत नाही," नीना म्हणाली.

"मग काश्यप म्हणतो. गोत्र माहीत नसलं की काश्यप म्हणायची पद्धतच आहे. मला आधी विचारलं असतंत, तर फोनवरच सांगितलं असतं."

अर्सेनिओंनी एकेक नाव सावकाश उच्चारलं. आजोबा सेगुंदो, वडील लोपे, आणि ते स्वतः. गुरुजींनी त्या तिन्ही नावांना संस्कृत प्रत्यय लावले आणि ती खणखणीत आवाजात म्हटली. मारिसेलच्या आईच्या जागी उभी राहून नीना तांब्यातून धार सोडत होती. एका फोनचं काम होतं, आणि तेवढ्यासाठी आपण या माणसाला त्याच्या आजोबांचं नाव टाकायला लावत होतो, हे तिला कळलं, तेव्हा अर्सेनिओंनी मुलीचा हात सुश्रुतच्या हातात दिला होता.