साहेबांच्या पिशवीतला डबा

मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. झाकणावरचं गुलाबाचं चित्र खरवडलंय, एका कुशीत पोचा आहे, आणि माझ्या पोटात कधीकाळी बिस्किटं होती हे सांगूनही आता कोणाला पटणार नाही. तरी मित्रांनो, घटकाभर बसा. डब्याचं ऐकणारं कोणी रोज भेटत नाही.

बिस्किटं हवाई दलाच्या कँटीनमध्ये फस्त झाली, तेव्हा मी भंगारातच जाणार होतो. मला उचललं विंग कमांडर काशीनाथ रेगे यांनी. बॉम्बफेकी विमानांच्या तुकडीचे ते प्रमुख. एकाहत्तरचं युद्ध सुरू झालं होतं आणि साहेबांचा एक नियम होता. शत्रूच्या मुलखात निघण्याआधी प्रत्येकानं आपले खिसे माझ्यात रिकामे करायचे. पाकीट, अंगठी, बायकोचा फोटो, सगळं. विमान पडलंच, तर अंगावर घरादाराची खूण सापडता कामा नये. परत आल्यावर ज्याचं त्यानं आपल्या हातानं उचलायचं. पहिले खिसे साहेबांचे, कारण पहिलं विमानही त्यांचंच असायचं. मोहिमेवर माणसं पाठवून स्वतः खुर्चीत बसणं त्यांना कधी जमलं नाही. त्या दिवसांत माझाही मान मोठा होता. पोरं मला हात लावून विमानात चढायची.

एका संध्याकाळी सदू नावाचा नेव्हिगेटर, म्हणजे विमानाला वाट सांगणारा, गळ्याशी हात नेऊन थबकला. उत्तनजवळच्या चौक गावातला कोळ्याचा मुलगा.

"सर, हा ताईत राहू दे. आईनं बांधलाय. एकविरेचा आहे."

"सगळं म्हणजे सगळं," साहेब म्हणाले. "आल्यावर बांध."

बाकीची विमानं आली. सदूचं आलं नाही. सकाळी ज्यानं त्यानं आपापली वस्तू नेली, न परतलेल्यांचं सामान घरी धाडलं गेलं आणि माझ्या तळाशी ताईत तेवढा राहिला; तो साहेबांनी स्वतः नेऊन द्यायचं ठरवलं. घरी तार गेली ती 'बेपत्ता' म्हणून.

साहेबांना पदक मिळालं, हारतुरे झाले. पदक कपाटात गेलं आणि मी उशाशी आलो. पुढे बढती आली, बदल्या आल्या. मला ते गावोगाव घेऊन फिरले, पण चौकला काही गेले नाहीत. रजा मिळत नाही, असं स्वतःलाच सांगायचे.

अठ्ठ्याऐंशी साली मुलानं मीरा रोडला फ्लॅट घेतला आणि निवृत्त साहेब तिथे राहायला आले. चारी बाजूंना मिठागरं, घरात नळ आणि नळाला पाणी नाही. सोसायटीनं त्यांना चेअरमन केलं. ज्यांच्या एका शब्दावर विमानं उठायची, त्यांना टँकरवाला सांगायचा, "अंकल, कल देखेंगे." सून अंबिका हसायची. "डॅडी, हा तुमच्या हुकमातला नाही हो."

भाईंदर स्टेशनहून चौकला थेट बस जाते हे त्यांना कळलं, आणि मग सबबच उरली नाही. दर महिन्याला ते मला पिशवीत घालून सदूच्या आईकडे, जिजाबाईकडे, जाऊ लागले. अंबिका विचारायची, "डॅडी, तो डबा दर महिन्याला जातो आणि तसाच परत येतो. त्यात आहे तरी काय?" साहेब चपला घालायचे.

जिजाबाई चहा द्यायची. मासळी, वारा, जाळी, असं बोलणं व्हायचं. साहेबांचा हात पिशवीत यायचा, माझ्या झाकणावर थांबायचा आणि तसाच मागे जायचा. त्या हाताला घाम असायचा, मित्रांनो. विमानात चढताना तो कधी नसे.

एका चैत्रात आम्ही गेलो तर गल्ली ओस पडलेली. सगळे एकविरेच्या यात्रेला गेलेले. जिजाबाई एकटीच ओट्यावर सुकट निवडत होती. तिनं चहा आणून ठेवला आणि पुन्हा सूप पुढ्यात घेतलं.

"तुम्ही नाही गेलात?"

"मी न्हाय जात, साहेब. सदू गेला तवापासून तिची पायरी न्हाय चढले." तिनं सूप आपटलं. "गल्यात तिचा ताईत बांधून धाडलेला. येक पोर न्हाय राखता आला तिला. कशाला हात जोडू?"

साहेबांनी पिशवी मांडीवर ओढली. मग त्यांनी मला बाहेर काढलं, झाकण उघडलं आणि तिच्या पुढ्यात ठेवलं.

"त्याच्या गळ्यात तो नव्हता, जिजाबाई. मी काढायला लावला. माझा हुकूम होता."

तिनं ताईत उचलला. दोरा हातातच तुटला. ती रडली नाही. तिनं तो कपाळाला लावला, डोळे मिटून काहीतरी पुटपुटली. तिनं माफी मागितली, पण ती देवीची.

मग साहेबांकडे न बघता म्हणाली, "चा थंड झाला. पुढल्या महिन्यापासून येऊ नका."

साहेब उठून उभे राहिले, अगदी ताठ. मला तिथेच सोडून गेले. रिकामी पिशवी वाऱ्यानं फडफडत होती, ती त्यांनी घडी करून खिशात घातली.

आता मी जिजाबाईच्या फळीवर असतो. माझ्यात हळद ठेवतात. पुढल्या चैत्रात ती यात्रेला गेली, नारळ देऊन आली. देवीवरचा राग उतरला. साहेबांवरचा कधी उतरला मला ठाऊक नाही, पण उतरला असावा. कारण पावसाळा सरल्यावर एके दिवशी तिनं दोन कपांचा चहा टाकला आणि बस यायच्या वेळी दारात जाऊन बसली. दुसरा कप तसाच राहिला. पुढच्या महिन्यातही बसली. हल्ली दर महिन्याला बसते.

मित्रांनो, कोणाची वस्तू तुमच्याकडे राहिली असेल तर लवकर नेऊन द्या. आणि कोणाला येऊ नको म्हणायचं असेल, तर आधी तो कसा माणूस आहे ते बघा. आमचे साहेब हुकूम पाळणारे आहेत.