फुगलेल्या पोटाची वाहवा

मित्रांनो, मी बैल आहे, पण माझ्या मानेवर जू कधी पडलं नाही. मी नांगर ओढला नाही, गाडीही नाही. लोकांनी बघावं म्हणून उभं राहणं, एवढंच माझं काम.

तारापूरजवळच्या एका चिकूवाडीत मी जन्मलो. माझी रुंद पाठ आणि सरळ पाय पाहून मालक आत्माराम यांनी मला पशुप्रदर्शनासाठी निवडलं. अंगावर मांस चढावं म्हणून मला खच्ची केलं. मला कोण विचारणार! तरी सुरुवातीची वर्षं बरी गेली. भाताचा पेंढा, हिरवं गवत, थोडी पेंड. मालकांची मुलगी हेमांगी रोज खरारा करायची, शिंगांना तेल लावायची. पालघरच्या प्रदर्शनात माझा पहिला नंबर आला आणि तिथूनच सगळं बिघडलं.

"आता पुढच्या वर्षी असा भरला पायजे, की दुसऱ्या बैलांकडं कोण बघायचं नाय!" मालक म्हणाले.

झाडाखाली पडलेले अतिपिकलेले चिकू बाजारात जात नाहीत. प्रदर्शन जवळ आलं तशा त्यांच्या टोपल्या माझ्यापुढे येऊ लागल्या. वर शिजवलेला भात. गोड लागलं, मी खाल्लं. पण माझ्या पोटाच्या पहिल्या कप्प्यात असंख्य सूक्ष्म जीव राहतात. ते गवत सावकाश आंबवतात. एकदम साखर मिळाली, की भराभर आम्ल तयार होतं, पोटाची हालचाल मंदावते आणि वायू आत कोंडतो. माझं रवंथ थांबलं. डावी कूस फुगून वर आली.

मालक खूश! "बघ, कसा भरलाय!"

हेमांगीने कुशीवर टिचकी मारली. ढोलासारखा आवाज आला. "बाबा, ही चरबी नाय. पोट फुगलंय त्याचं. आज नका नेऊ."

"गप गं! निघताना तोंड वाकडं करू नको. टेम्पो उभा हाय."

नेलंच मला. मैदानात लोक माझ्या फुगलेल्या कुशीचे फोटो काढत होते. "काय चारता हो, आत्मारामशेठ?" कुणीतरी विचारलं. मालकांनी मिशीला पीळ दिला. मला श्वास पुरत नव्हता. रिंगणाच्या तोंडाशी मी गुडघे टेकले.

"नखरे करतोय," मागून कुणी म्हणालं आणि माझी शेपटी पिरगाळली.

"हात लावशील तर बघ!" हेमांगी ओरडली आणि धावत प्रदर्शनातल्या गुरांच्या डॉक्टरांना घेऊन आली. त्यांनी माझ्या तोंडातून पोटात नळी घातली. आंबट, कुजका वायू फसफसत बाहेर पडला. मघाचे तेच लोक नाकं दाबून हसले. मी मरता मरता वाचलो होतो आणि ते हसत होते!

मालक डॉक्टरांना विचारत होते, "दुपारच्या फेरीला उभा राहील ना?"

मित्रांनो, तो प्रश्न मला त्या नळीपेक्षा जास्त लागला.

डॉक्टर काही बोलायच्या आत हेमांगीने माझ्या पाठीवरची झूल ओढून काढली आणि बापाच्या हातात कोंबली. "तुमीच घाला ही. तुमीच उभे राहा रिंगणात." मग तिने माझा कासरा धरला आणि सगळ्यांदेखत मला फाटकाबाहेर नेलं. मालक झूल हातात घेऊन तिथेच उभे राहिले.

जनावराचं कौतुक जरूर करा. पण त्याआधी दोन घटका त्याच्यापाशी बसा. ते रवंथ करतंय का, तेवढं बघा. करत नसेल, तर टाळ्या वाजवू नका.